पत्र्याखाली चिंध्यांची वाकळ

प्रश्न : निपाणीत 10 बाय 12 फुटांच्या पत्र्याच्या खोलीत आमचं शिलाईकाम चालतं. उन्हाळ्यात दुपारी आत बसवत नाही. चिंध्यांची पोती साठली आहेत. त्या पिंजून पत्र्याखाली घातल्या तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण फक्त सुती चिंध्या घ्या. प्रत्येक पोत्यातला धागा जाळून बघा. सुताची राख मऊ होते, पॉलिस्टर आक्रसून त्याची कडक गुठळी होते. आग लागली तर हेच पॉलिस्टर वितळून खाली ठिबकतं. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या मागांवरचा कचरा आणलात तर जास्तच बारकाईने तपासा.

सुताचा धोका वेगळा. ज्वाळा विझली तरी ते आतल्या आत धुमसत राहतं. टाकणखार (बोरॅक्स) ज्वाळा रोखतो, बोरिक ॲसिड धुमसणं. म्हणून दोन्ही हवेत. 10 लिटर गरम पाण्यात 900 ग्रॅम टाकणखार आणि 600 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. गार झालं की खडे धरतात, म्हणून गरम असतानाच 5 किलो चिंध्या त्यात अर्धा तास बुडवा. नुसतं शिंपडून भागत नाही, आतला धागा कोराच राहतो. मग पिळा : 1 किलो कोरड्या चिंध्या पिळल्यावर 2 किलो भरायला हव्यात. जास्त पिळलंत तर औषधही निघून जातं. उरलेल्या द्रावणात तेवढंच नवं घालत जा. स्वस्त म्हणून अमोनियम सल्फेट खत वापरू नका, त्याने पत्रा आणि खिळे गंजतात.

कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच पिंजाऱ्याकडे न्या. बटणं, हुक, चेन आधी काढा. मशीनमध्ये ठिणगी पडते. पिंजताना औषधाची थोडी पूड झडतेच. म्हणून पिंजल्यावर चिमूटभर कापूस चिमट्यात धरून दहा सेकंद लायटर लावा. काळा पडून लगेच विझला तर ठीक. लाल कड सरकत राहिली तर तो माल परत बुडवायचा.

याच द्रावणात भिजवून वाळवलेल्या कापडाच्या 2 बाय 4 फुटी खोळी शिवा. प्रत्येकीत 2.2 किलो भरा, जाडी 3 इंच ठेवा आणि वाकळीला घालतो तसे वीतभर अंतरावर टाके घाला, नाहीतर कापूस एका कडेला गोळा होतो. तुमच्या खोलीला 15 लागतील. पत्र्यापासून दोन इंच जागा सोडा, कारण पहाटे पत्र्याला घाम येतो. खाली जिप्सम बोर्ड हवाच, वाकळ उघडी ठेवू नका. वायर पाइपातूनच न्या. गळती आधी काढा; पाणी लागलं की बोरिक धुऊन जातं आणि ते वरून दिसत नाही.

काम करताना मास्क, हातमोजे घाला. स्वयंपाकाची भांडी वापरू नका. गरोदर बाई आणि मुलांना यापासून लांब ठेवा.

प्रश्न : खानापूरकडे गुऱ्हाळातलं चिपाड मिळतं. तेच भरलं तर?

उत्तर : नको. त्यात साखर उरते, मुंग्या लागतात, आणि खानापूरच्या पावसाळी दमटपणात ते बुरसतं.