हेवी मेटलची सुरुवात नेमकी कोणत्या बँडने केली?

एकच नाव घ्यायचं तर ब्लॅक सबाथ, बर्मिंगहॅमचा. त्यांचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला आला. त्याचं शीर्षकगीत ऐका, म्हणजे कारण लगेच कळेल: पाऊस, घंटा आणि मग सा, वरचा सा, तीव्र मध्यम एवढ्याच स्वरांवर उभी असलेली संथ, अंगावर येणारी रिफ (गिटारवर पुन्हापुन्हा वाजणारी छोटी सुरावट). ब्लूजवर (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतावर) वाढलेल्या रॉकमध्ये इतकं जड आणि काळोखं काही तोवर क्वचितच ऐकू यायचं.

या आवाजामागे एक अपघातही आहे. गिटारिस्ट टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात नेमका तोच. मग प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या ढिल्या केल्या. (पहिल्याच अल्बमपासून गिटारचा सूर असा खाली उतरवला होता असं बरेच जण सांगतात, ते चूक. ते ठळकपणे ऐकू येतं १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये.)

मात्र सगळं श्रेय त्यांचं नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा ब्लू चीअर १९६८ मध्येच कान फाटतील असं वाजवत होता, आणि लेड झेपेलिनचे दोन अल्बम १९६९ मध्ये येऊन गेले होते. पण झेपेलिनचा पाय ब्लूजमधून शेवटपर्यंत निघाला नाही.