वर्षाचा अहवाल लिहिताना

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

अहवालाचा मसुदा मिळाला. कॉलेजच्या वर्षभराचा आढावा यंदा एका विद्यार्थिनीने लिहावा, असं प्राचार्यांनी ठरवलं याचा मला फार आनंद झाला. तू मेहनतही घेतली आहेस. निकाल, विद्यापीठाची गुणवत्ता यादी, कबड्डीचा चषक, नव्या वाचनकक्षाचं उद्घाटन, पाहुण्यांची नावं, सगळं जागच्या जागी आहे. पण वरचं नाव बदललं तर हा अहवाल कुठल्याही कॉलेजचा म्हणून खपेल. कापसाच्या तालुक्यातल्या आपल्या मिशनच्या कॉलेजचा तो अजून झालेला नाही.

सुरुवात निकालाने करू नकोस, जूनपासून कर. आपल्याकडे प्रवेश सुरू होतात तेव्हाच घरात बी-बियाण्याची आणि खताची ओढाताण चाललेली असते, फीचे पैसे आणि पेरणीचे पैसे एकाच खिशातून जातात. दिवाळीच्या आगेमागे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होते, कापसाची वेचणी लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत सत्र परीक्षेचे अर्ज आणि चाचण्या येतात. तुझ्या वर्गातल्या तीन मुली वेचणीला गेल्या आणि तरी परीक्षेला बसल्या, हे तू मला पत्रात कळवलंस आणि अहवालातून गाळलंस. का गाळलंस? मला विचारशील तर यंदाची ती पहिली मोठी गोष्ट आहे. त्यांना टिपणं कोणी पोचवली, रविवारची उपासना आटोपल्यावर कोणत्या सरांनी तास घेतला, हजेरीचं काय केलं, हे विचारून घे आणि लिही. मुलींची नावं मात्र त्यांची परवानगी असेल तरच.

एसटीचंही लिही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानंतर आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुली वाढल्या की नाही, हे ऑफिसातल्या प्रवेश नोंदवह्यांवरून कळेल. वाढल्या असतील तर आकडा दे. नसतील तर ते वाक्यच नको. अंदाजाने काही लिहायचं नाही.

आता कला शाखेबद्दल. गावात अजून म्हणतात, दुसरं काही मिळालं नाही म्हणून पोरगी बी.ए.ला गेली. तुझ्या मसुद्यातही थोडा तोच संकोच दिसतो. संगणक प्रशिक्षणाला तू अर्धं पान दिलंस आणि इतिहास-मराठीच्या प्रकल्पांना दोन ओळी. त्या दोन ओळींत एक रत्न दडलं आहे. गोंड समाजातल्या ज्या मुलाने आपल्या आजीची गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली, ती गोंडीतून मराठीत आणली आणि त्यातल्या झाडांची नावं वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडून तपासून घेतली, त्याला पूर्ण पान दे. भाषा, इतिहास आणि विज्ञान एका कामात आणायला आपण कॉलेजात येतो. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचे विषय घ्यायची सोय झाली आहे. त्या मुलाने तिचा खरा उपयोग केला.

हे आपल्या मुलखात नवीन नाही, म्हणून तुला स्टीफन हिस्लॉपबद्दल सांगते. स्कॉटलंडहून आलेल्या या मिशनऱ्याने १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली. शिकवता शिकवता त्याने नागपूरजवळच्या टाकळीला, लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळात, गोड्या पाण्यातल्या शंखांचे जीवाश्म शोधले आणि इथल्या भूस्तरांवर शोधनिबंध लिहिला. हिस्लोपाइट नावाचं खनिज त्याच्याच नावावरून ओळखलं जातं. गोंडांच्या कथा आणि गाणीही तो टिपून ठेवत होता. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे दगडांची प्राचीन वर्तुळं, पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात तो बुडाला. टिपणं तशीच पडून होती. ती मध्य प्रांताचे तेव्हाचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. त्याच्या नावाचं कॉलेज नागपुरात उभं राहिलं १८८३ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर वीस वर्षांनी. १८६३ चा अहवाल कोणी लिहिला असता तर त्यात यातलं काय आलं असतं?

म्हणून तुझ्या अहवालात अर्धवट कामांनाही जागा ठेव. विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्याला मोजायला मुलांनी यंदाच सुरुवात केली. त्यातून निष्कर्ष काढायला बरीच वर्षं लागतील, पण नोंद कधी सुरू झाली हे तुझ्या अहवालातूनच पुढच्यांना कळेल. तारीख, विहिरीची जागा, मोजण्याची पद्धत लिही. आजीच्या गाण्यांचंही तसंच. गाणारीचं नाव आणि गाव तिला विचारून छाप. आपल्याकडे गाणं छापलं जातं आणि गाणारी राहून जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

एका गोष्टीवर मात्र मी हट्ट धरणार आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर आणि नाताळातलं धान्यवाटप यांचे फोटो तू जोडले आहेस. धान्य घेणाऱ्या बायांचे चेहरे त्यात स्पष्ट दिसतात. ते काढ. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने दानाचा गाजावाजा करू नका असं सांगितलं आहे आणि आपलं कॉलेज त्याच्या नावाने चालतं. आपल्या वर्गांत बौद्ध, कुणबी, तेली, गोंड, मुसलमान घरांतली मुलं ख्रिस्ती मुलांपेक्षा जास्त आहेत. त्यांच्यातल्या एखादीची आई त्या रांगेत असू शकते. शिबिराचं काम खुशाल लिही: बंधारा कुठे बांधला, लांबी किती, पावसाळ्यात तो टिकला का. शिबिर संपल्यावर त्या गावात पुन्हा कोण गेलं, हेही लिही. कोणीच गेलं नसेल तर प्राचार्यांना सांग, अजून वेळ आहे.

गुणवत्ता यादी, चषक आणि नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी शेवटच्या पानावर तक्त्यात घाल. त्या मुलांचं कौतुक व्हायलाच हवं, फक्त त्याला लांब वाक्यांची गरज नाही.

ग्रंथालयातल्या शिपाईदादांशी बोलल्याशिवाय अंतिम प्रत करू नकोस. परीक्षा नसतानाही कोण वाचायला येतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही. आणि सगळी नावं हजेरीपटावरून ताडून बघ. मसुद्यात दोन आडनावं चुकली आहेत, त्यांवर पेन्सिलने खूण केली आहे. पुढची प्रत छापखान्यात जाण्याआधी आठवडाभर तरी माझ्याकडे पाठव, म्हणजे दुरुस्त्या करून मी वेळेत परत करीन.

तुझी,
मॅडम