सस्पेन्स खात्यात ७,७५० का उरले?

प्रश्न : काका, मी निपाणीची. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, आता प्रथम वर्ष पीयूसी (म्हणजे अकरावी), कॉमर्स. चुकांच्या दुरुस्तीचे एक गणित सुटत नाही. कापड दुकानाच्या तेरीज पत्रकात, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिल्लकांच्या यादीत, जमा बाजू ४०० ने जास्त, म्हणून न सापडलेला फरक तात्पुरता ठेवायचे सस्पेन्स खाते ४०० नावे. चुका चार : खानापूरच्या ग्राहकाला ५,४०० ची उधार विक्री, पण त्याच्या खात्यावर ४,५०० च नावे, विक्री पुस्तकाची बेरीज १,००० ने कमी, दुकानासाठी उधारीवर घेतलेले ८,००० चे कपाट खरेदी पुस्तकात, दिलेले भाडे २५०, भाडे खात्याच्या जमा बाजूला. मी चारही ठिकाणी सस्पेन्स लावले, तर ७,७५० जमा शिल्लक उरते. चुकतेय कुठे?

उत्तर : तुझ्या ७,७५० मध्येच तुझ्या दोन्ही चुका दिसतात : कपाटाचे ८,००० वजा भाड्यात कमी धरलेले २५०.

आधी कपाट. ते खरेदी पुस्तकात गेले, म्हणजे खरेदी खाते ८,००० नावे आणि विकणाऱ्याचे खाते ८,००० जमा. दोन्हीकडे रक्कम सारखीच, तेरीज बिघडलीच नाही. मग सस्पेन्सचा संबंध काय? फर्निचर खाते नावे, खरेदी खाते जमा, ८,०००. झाले. दुकान फर्निचरचे असते आणि कपाट विकायला घेतले असते, तर तो माल ठरला असता आणि मूळ नोंदच बरोबर होती. इथे ते दुकानात वापरायला घेतलेले, म्हणून मालमत्ता. तेरीज जुळते म्हणून ही चूक लहान समजू नकोस बाळ. खरेदी ८,००० ने फुगते, ढोबळ नफा तेवढाच कमी दिसतो. बेळगावच्या रविवार पेठेत अडत दुकानांच्या वह्या लिहिताना मला खरी धास्ती अशाच चुकांची वाटते. फरक पडला की माणूस रात्री बसून शोधतो. फरकच नसला तर कोणी शोधायलाच बसत नाही.

आता भाडे. नावे पडायचे २५० जमेला गेले. जमेचे २५० रद्द करायला एकदा, आणि मुळात राहून गेलेले २५० घालायला पुन्हा एकदा. म्हणून भाडे खाते नावे ५००, सस्पेन्स जमा ५००. तू २५० वरच थांबलीस.

नुसती उत्तरे छापणारी गाइडे बाजूला ठेव. दर चुकीला कच्च्या कागदावर तीन ओळी लिही : काय लिहिले गेले, काय लिहायला हवे होते, मधला फरक किती. तो फरक एकाच बाजूला पडत असेल तरच सस्पेन्स येते.

ग्राहकाची आणि विक्रीची नोंद तुझी बरोबर आहे. ५,४०० चे ४,५०० झाले तिथे फरक ९००. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो. परीक्षेच्या गणितात चार चुका एकात एक मिसळलेल्या असतात, तिथे ही खूण चालत नाही. दुकानात एकच चूक असली की फार उपयोगी पडते.

सस्पेन्स पुन्हा मांड : नावे ४०० आणि १,०००, जमा ९०० आणि ५००. दोन्हीकडे १,४००. खाते मिटले तरी कपाटाची नोंद वहीत आहे ना, ते वेगळे तपास. ती लिहायची राहिली तरी सस्पेन्स असेच जुळेल आणि तुझे मार्क जातील.