करप्ट इमेज माउंट करायच्या आधी एवढं वाच

अरे, खराब झालेली एक्स्ट४ (ext4, लिनक्सची फाईलसिस्टीम) डिस्क इमेज, म्हणजे डिस्कची एका फाईलमधली नक्कल, माउंट करताना (आतल्या फाईली दिसाव्यात म्हणून सिस्टीमला जोडताना) मशीन हँग होतंय तर परत परत तेच करून बघू नकोस, आधी इमेजची कॉपी काढ आणि पुढचं सगळं त्या कॉपीवरच कर, ओरिजिनलला हात लावायचा नाही. क्रॅश होतो कारण कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्कवरच्या मेटाडेटावर (फाईली कुठे-कशा आहेत त्या नोंदींवर) बऱ्यापैकी विश्वास ठेवतो आणि तिथे आकडे भलतेच निघाले की गडबडतो, शिवाय सुपरब्लॉकमध्ये (फाईलसिस्टीमची मुख्य माहिती असलेल्या ब्लॉकमध्ये) एरर आली की पॅनिक असं सेट असेल तर तो मुद्दामच थांबतो. म्हणून माउंट व्हर्च्युअल मशीनमध्येच कर, पडलं तर तेच पडेल.

आता नवीन लोक हमखास फसतात ती गोष्ट. एक्स्ट४ नुसतं रीड-ओन्ली माउंट केलं तरी जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) रिप्ले होतं, म्हणजे इमेजवर लिहिलं जातं! ते टाळायला सोबत नोलोड (noload) हा पर्याय द्यायचाच.

त्याआधी ई-टू-एफएस-चेक (फाईलसिस्टीम तपासायची कमांड) मायनस एन (e2fsck -n) लावून चालव, तो फक्त चुका दाखवतो. सुपरब्लॉक खराब आहे म्हणाला तर घाबरू नको, बॅकअप असतात, ब्लॉक ४ केबीचे असतील तर मायनस बी ३२७६८ (-b 32768, म्हणजे बॅकअप सुपरब्लॉकचा नंबर) देऊन बघ. मायनस वाय (-y, म्हणजे सगळ्या दुरुस्त्यांना हो) मात्र अगदी शेवटी, कारण त्याला फाईलसिस्टीम सुसंगत करायची असते, तुझ्या फाईली वाचवायच्या नसतात, मग त्या लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये नुसत्या नंबराने पडलेल्या सापडतात आणि कुठली कुठली ते ओळखत बसावं लागतं.

चारच फाईली हव्या असतील तर माउंटच नको, इमेज डीबगएफएस मायनस सी (debugfs -c) ने उघड, एलएस (ls) करून शोध, डम्पने (dump) बाहेर काढ, कर्नलचा ड्रायव्हर मध्ये येतच नाही.