जुन्या मोटरबोटीचे इंजिन : दुरुस्त करावे की बदलावे?

प्रश्न : आम्हा चार मित्रांची फायबरची एक लहान नाव असून तिला ४० अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड (नावेच्या मागच्या फळीवर बाहेरून लावायचे) इंजिन आहे. नाव गंगापूर धरणाच्या जलाशयात वापरतो आणि पावसाळाभर शेडमध्ये ठेवतो. अलीकडे इंजिन सुरू होण्यास फार वेळ लागतो, रेस दिली की ते मध्येच गुदमरते आणि पूर्वीचा वेग मिळत नाही. मेकॅनिक नवे इंजिन घ्या म्हणतात, पण तेवढी आमची ऐपत नाही. थोडक्या खर्चात काही करता येईल का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपण लिहिलेली तिन्ही लक्षणे कार्ब्युरेटरमधील कचऱ्यानेही दिसतात आणि झिजलेल्या सिलिंडरनेही, पहिल्याचा खर्च किरकोळ असतो, दुसऱ्याचा मोठा. म्हणून एकही सुटा भाग विकत घेण्यापूर्वी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन निर्माण करतो तो दाब, मोजून घ्यावे, असा आमचा आग्रह आहे. इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये चालवून गरम करावे, मग दोन्ही प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून गेज लावावे. पुस्तिकेत छापलेला आकडा समुद्रसपाटीचा असतो आणि नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे गेजवर तो सहा-सात टक्के कमीच दिसणार, त्याने घाबरून जाऊ नये. पाहायचा असतो तो दोन सिलिंडरमधला फरक. तो १० टक्क्यांच्या आत असेल आणि दोन्ही आकडे फारच खाली गेलेले नसतील, तर इंजिनाचा गाभा शाबूत आहे असे समजून आपले पैसे इंधन आणि थंडाव्याचे पाणी या दोन गोष्टींवर लावावेत.

आपल्या वर्णनावरून आमचा पहिला संशय इंधनावर आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्याचे चार महिने टाकीत पेट्रोल पडून राहिले, तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात आणि सुरुवातीला नेमके तेच इंजिनात ओढले जाते. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, आतून सुटतात आणि त्यांचे बारीक कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रांत, अडकतात. टू-स्ट्रोक इंजिनात हा प्रकार केवळ गैरसोयीचा नसून घातक आहे, कारण ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्याने जेट तुंबला की पिस्टनला इंधनाबरोबर वंगणही कमी पडते आणि तो जाम होतो. तेव्हा टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी, सगळ्या नळ्या व हाताने दाबायचा रबरी पंप इथेनॉल सोसणारे बसवावेत, टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावावा आणि कार्ब्युरेटर उघडून जेट स्वच्छ करावेत. त्याच वेळी इंधनपंपाचा पडदाही बदलून घ्यावा. ऑइल मात्र टीसी-डब्ल्यू३ दर्जाचेच, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचेच हवे. मोटारसायकलचे टू-टी ऑइल हवेने थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनांसाठी बनवलेले असते. प्रमाण पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. ते ५०:१ असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर ऑइल लागते. ‘थोडे जास्त टाकले तर इंजिनाला बरेच’ हा गैरसमज आहे, कारण जास्तीच्या ऑइलने प्लग काळे पडतात आणि पेट्रोलचा वाटा घटून मिश्रण उलट कोरडे होते.

थंडाव्याच्या पाण्याचा पंप रबरी इम्पेलरवर (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकावर) चालतो. नाव महिनोन्महिने उभी राहिली की त्याची पाती वाकलेल्या स्थितीतच कडक होतात आणि पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यातील गाळ ती घासून टाकतो. दर दोन वर्षांनी इम्पेलर बदलणे ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त विमा-पॉलिसी आहे. जुन्याचे एखादे पाते तुटलेले आढळले, तर तो तुकडा शोधून काढल्याशिवाय पंप पुन्हा जोडू नये; नाहीतर तो पाण्याच्या वाटेत जाऊन बसतो. मागून पाण्याची धार पडते म्हणजे इंजिन थंड आहे, असेही समजू नये. अनेक इंजिनांत ती धार सिलिंडरपर्यंत पोहोचण्याआधीच फुटलेली असते आणि पुढे थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारी झडप) अडकलेला असू शकतो. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाकल्यास तो उघडतो की नाही, हे घरीच दिसते. पाण्याबाहेर इंजिन ‘जरासे’ चालू करून पाहण्याची सवय असल्यास ती आजच सोडावी.

गिअर ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरते आहे, म्हणजे सील गेले आहेत. नाव ढकलणारा पंखा (प्रोपेलर) काढून पाहावा, शाफ्टवर मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळलेला असण्याची दाट शक्यता आहे.

वेगाबद्दल एक गोष्ट लक्षात घ्यावी. उंचीमुळे दर १०० मीटरमागे साधारण एक टक्का शक्ती घटते, म्हणजे आपले इंजिन नवे होते तेव्हाही गंगापूरच्या पाण्यावर ते दोन-अडीच अश्वशक्तीने कमीच होते. मुंबईहून आलेल्या नावेवर समुद्रासाठी निवडलेला पंखा तसाच राहिलेला असतो, हे येथे वारंवार घडते. पूर्ण थ्रॉटलला इंजिन पुस्तिकेतील फेऱ्यांच्या मर्यादेपर्यंत पोहोचत नसेल, तर एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर कापणाऱ्या पात्यांचा) पंखा लावावा. त्याने सुमारे १५० ते २०० फेरे वाढतात आणि इंजिनावरचा ताणही हलका होतो.

कॉम्प्रेशनच कमी निघाले तर मात्र बोअरिंगचा, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करण्याचा, विचार करावा लागेल आणि तेथे नाशिककरांची बाजू भक्कम आहे. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये हे काम उत्तम होते. फक्त त्या मापाचा मोठा (ओव्हरसाइज) पिस्टन हातात येऊन मापला गेल्याशिवाय सिलिंडर बोअर करू देऊ नये, कारण जुन्या मॉडेलचा हवा तो साइज मिळेलच असे नाही. पिस्टनच मिळत नसेल तर मेकॅनिकचे म्हणणे खरे मानावे. मग वापरलेले फोर-स्ट्रोक इंजिन पाहावे, मात्र ते बहुधा २० किलोंहून अधिक जड असते आणि नावेची मागची फळी तेवढा भार पेलेल का, हे आधी तपासावे. टू-स्ट्रोक कार्ब्युरेटर इंजिन सुमारे पाव इंधन न जळताच बाहेर टाकते आणि गंगापूरचे पाणी नाशिक शहर पिते. पैशाचा हिशेब मांडताना हेही धरावे, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : आमची नाव वर्षातून एकदा डहाणूला समुद्रात जाते. गंज रोखण्यासाठी इंजिनावर लावतात ते ॲनोड झिंकचे ठेवावेत का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नाही. गोड्या पाण्यात झिंकवर थर चढून ते निष्क्रिय होते आणि मॅग्नेशियम समुद्रात झपाट्याने संपते. दोन्ही पाण्यांसाठी ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ॲनोड लावावेत, त्यांना रंग देऊ नये आणि परतल्यावर गोड्या पाण्याने इंजिन आतून धुवावे.

प्रश्न : नावेतील बंद पडलेल्या इनबोर्ड (नावेच्या आत बसवलेल्या) इंजिनाच्या जागी भंगारातील मोटारगाडीचे पेट्रोल इंजिन स्वस्तात मिळते आहे. माझे स्वतःचे वर्कशॉप आहे. बसवावे का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : बसवू नये. आपल्या कौशल्याबद्दल शंका नाही, पण गाडीत बॉनेटखालून वारा वाहतो आणि नावेत इंजिन बंद खोलीत असते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने ती नावेच्या तळाशी साचते आणि गाडीच्या स्टार्टर वा अल्टरनेटरमधून उडणारी एक ठिणगी तिला पुरते. सागरी इंजिनांचे हे भाग ठिणगी बाहेर पडणार नाही असे बनवलेले असतात, कार्ब्युरेटरही उतू गेल्यास पेट्रोल बाहेर सांडणार नाही असा असतो आणि तरीही सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे ब्लोअर (आतली वाफ बाहेर फेकणारा पंखा) चालवण्याची शिस्त पाळली जाते. त्यावर पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट आणि उष्णता-विनिमयक यांचा खर्च धरला, तर भंगारातील इंजिन स्वस्त उरत नाही. जुनेच इंजिन उघडून पाहावे. बंद पडण्याचे कारण हेड गॅस्केट किंवा गंजलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असल्यास ते आपल्याच वर्कशॉपमध्ये उभे राहील. शेवटी इंजिन बदलावेच लागले, तर अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ नुसार नोंदलेल्या नावेच्या कागदपत्रांत तो बदल नोंदणी अधिकाऱ्याकडून नोंदवून घ्यावा.