हॉटेलात पाणी फुकट हवंच, पण टाकी धुतलेली हवी

तुमचा प्रश्न असा आहे की कॉलेज रोडच्या एका कॅफेत साधं पाणी मागितलं तर "आमच्याकडे फक्त बाटली आहे" असं उत्तर आलं, मग कॅफे-हॉटेलांनी नळाचं पाणी फुकट द्यायला हवं की नाही. माझं म्हणणं, द्यायलाच हवं, न मागता द्यायला हवं, आणि मालक स्वतःच्या पोरांना पाजेल असं पाणी द्यायला हवं. हे शेवटचं कोणी बोलत नाही म्हणून जरा लांब लिहितोय. मी नाशिकमध्ये फिल्टर आणि टाक्यांच्या सर्व्हिसिंगचं काम करतो, हॉटेलं, मेस, हॉस्टेल, क्लासेस असं बरंच गिऱ्हाईक आहे, त्यामुळे टेबलावरच्या ग्लासातलं पाणी मागून कुठून येतं हे रोज बघायला मिळतं.

आधी कायद्याचं उरकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतो की १८६७ च्या सराय कायद्यानुसार कुठल्याही हॉटेलात कोणालाही पाणी आणि टॉयलेट फुकट मिळालंच पाहिजे. तो कायदा प्रवाशांच्या उतरण्याच्या सरायांसाठी होता, त्यात खोल्या, गटारं, विहिरी साफ ठेवायच्या वगैरे गोष्टी आहेत, कॅफेच्या काउंटरवर तो मेसेज दाखवून भांडू नका, समोरचा ऐकणार नाही आणि तुमची बाजू पडेल. त्यापेक्षा एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं धरा. खाण्याचा धंदा करणाऱ्याला लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन लागतं आणि त्यांच्या २०११ च्या नियमांत स्वच्छतेच्या अटी आहेत, स्वयंपाकाला पिण्यायोग्यच पाणी वापरायचं, बर्फसुद्धा पिण्यायोग्य पाण्याचाच. आता विचार करा, जो माणूस म्हणतो की आमचं साधं पाणी पिण्यासारखं नाही, त्याने तुमची कोल्ड कॉफी कुठल्या पाण्याच्या बर्फात केली? चटणी कशात वाटली, कोथिंबीर कशात धुतली? पाणी चांगलं असेल तर द्यायला अडचण नाही आणि चांगलं नसेल तर त्याने किचनच चालवू नये, मधला तिसरा रस्ता मला तरी दिसत नाही.

दुसरी गोष्ट बाटलीची. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंट पाण्याच्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतात, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसायची जागा, वाढणं, सगळी सर्व्हिस त्यात येते. खूप लोक यावर चिडले होते, आणि रेल नीरची लिटरची बाटली स्टेशनवर १४ रुपयांना मिळते तीच लिटरभर बाटली कॅफेत ६० ला बघितली की चिडणं साहजिक आहे. पण मला त्या निकालातलं लॉजिक ग्राहकाच्याच बाजूचं वाटतं. म्हणजे जागा, पंखा, एसी, वाढणारा मुलगा हे सगळं तुम्ही किमतीत धरता ना, मग २२० रुपयांच्या कॉफीत हे सगळं आलं आणि एक ग्लास पाणी तेवढं आलं नाही असं कसं चालेल.

खर्चाचा हिशोब करून बघा. वीस लिटरचा जार विकत घेतला तरी ३०-४० रुपयांना पडतो, एक माणूस दोन ग्लास म्हणजे अर्धा लिटर पितो, एका जारमध्ये ४० माणसं होतात, माणशी फार तर एक रुपया. नळाचं फिल्टर केलेलं पाणी तर पैशांत येतं. मिसळीच्या ठिकाणी आपल्याकडे रस्सा मागाल तितका वाढतात, तर्री वेगळी, कोणी मोजत बसत नाही, आणि तिथे बसल्या बसल्या आधी पाण्याचा जग येतो. वीस-पंचवीस वर्षं असं चालवून कोणाचं दिवाळं निघालेलं मी बघितलं नाही. म्हणून नव्या कॅफेवाल्यांनी "परवडत नाही" म्हणू नये, बाटलीवर सुटणारं मार्जिन सोडवत नाही एवढंच आहे.

आता माझ्या कामाचं. नाशिकला मनपाचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, शिवाय मुकणे आणि दारणेचं. शुद्धीकरण केंद्रात गाळून, क्लोरीन मारून येतं. धरणाचं पाणी असल्यामुळे क्षार कमी, मीटर लावला तर बहुतेक वेळा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, २०० च्या आतच दाखवतो, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत आरामात चालतं. तरी हॉटेलवाले मोठमोठे आरओ, म्हणजे क्षारही काढून टाकणारे फिल्टर, बसवतात आणि प्रत्येक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी गटारात सोडतात, का तर ग्राहकाला "आरओ वॉटर" लिहिलेलं आवडतं. मनपाचं पाणी असेल तर गाळणारं कार्ट्रिज आणि जंतू मारणारा यूव्हीचा दिवा पुरतो, हे मी माझा आरओ विकायचा धंदा कमी करून सांगतोय. बोअरचं किंवा टँकरचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे टीडीएस हजाराच्या पुढेही बघितलाय.

खराबी नळात नसते, टाकीत असते. मनपाचं पाणी आधी अंडरग्राउंड टाकीत पडतं, तिथून मोटरने वरच्या टाकीत, तिथून किचनला. अंडरग्राउंड टाकीचं झाकण फुटकं, शेजारीच भांडी धुवायची मोरी, पावसाळ्यात कडेने पाणी झिरपतं, वरच्या टाकीला झाकण असतं पण वाऱ्याने सरकलेलं, आत कबुतराची पिसं, तळाला चिखलाचा थर. शनिवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की रविवारच्या गर्दीला मालक टँकर मागवतो आणि तो त्याच टाकीत ओततो, एरवी चांगलं असलेलं पाणी मग कशाचं काय होतं कोणाला कळत नाही. अशा टाक्यांवर मी काम केलंय म्हणून बाहेर पाणी प्यायला घाबरणाऱ्या माणसाला मी नावं ठेवत नाही, त्याची भीती खरी आहे. पण त्यावर बाटली हा उपाय नाही कारण त्याच टाकीच्या पाण्याने प्लेट धुतलीये.

तपासणं अवघड नाहीये. ओटी टेस्ट म्हणून असते, गावात पाणीवाले कर्मचारी करतात ती, पाण्यात दोन-चार थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळं होतं. शेवटच्या नळाला पिवळं झालं तर निदान वाटेत काही घाण मिसळून क्लोरीन संपलेलं नाही एवढं कळतं. जंतूंसाठी एचटूएसची छोटी बाटली मिळते, त्यात पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी काळं पडलं तर ते पाणी प्यायचं नाही. दोन्ही मिळून एका टेबलाच्या बिलापेक्षा कमी खर्च. टाकी तीन महिन्यांनी धुवा, तारीख टाकीवर रंगाने लिहा आणि तीच तारीख काउंटरजवळ लावा. माझ्या एका गिऱ्हाईकाने गंगापूर रोडला हे केलंय, लोक फोटो काढतात आणि न विचारता टेबलावरच्या जगमधलं पाणी पितात. कूल जारबद्दल मात्र सांभाळून, ज्याला सील नाही, तारीख नाही, कोणाचं नाव नाही तो जार म्हणजे कुठल्यातरी बोअरचं थंड केलेलं पाणी असू शकतं.

मालकांची एक तक्रार मला पटते, चार जण येतात, एक कॉफी घेतात, तीन तास बसतात आणि जाताना दोन-दोन लिटरच्या बाटल्या भरून नेतात. त्याला मालकाने नाही म्हटलं तर मी त्याच्या बाजूने. भरलेले ग्लास अर्धे टाकून जाणं पण थांबायला हवं, टेबलावर जग ठेवला की ते आपोआप कमी होतं. पण एप्रिलच्या उन्हात दारात येऊन एक ग्लास मागणाऱ्याला, तो गिऱ्हाईक असो नसो, नाही म्हणू नये. नाशिक यात्रेचं गाव आहे, रामकुंडाच्या बाजूला उन्हाळ्यात रांजण भरून पाणपोया लागतात, आता २०२७ ला सिंहस्थाच्या स्नानांना लाखोंनी लोक येतील, तेव्हा पंचवटीपासून आपल्या द्वारका चौकापर्यंतच्या हॉटेलांनी बाटलीच घ्या म्हटलं तर त्या माणसांनी काय करायचं, आणि त्या रिकाम्या बाटल्या गोदावरीतच जाणार ना.

इंग्लंडमध्ये २०१० पासून दारूचं लायसन्स असलेल्या ठिकाणी मागितलं की नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं, फ्रान्समध्ये २०२२ पासून रेस्टॉरंटला तसं लिहून लावावं लागतं. आपल्या लायसन्सच्या अटींत असं एक ठळक वाक्य यायला हवं आणि सोबत टाकी धुतल्याची तारीख लावायची सक्ती.

तोवर तुम्ही एवढं करा. ऑर्डर देण्याआधीच विचारा, साधं पाणी मिळेल ना. नाही म्हणाले तर उठा, अजून काही दिलेलं नाही. न मागता बाटली आणून फोडली तर तिथेच परत करा, बिलात लावली तर काढायला सांगा. एक वस्तू घ्यायची तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अडवणुकीच्या व्यापारात मोडतं, बिलाचा फोटो ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन करा. आणि जिथे चांगलं पाणी देतात तिथे मालकाला एकदा विचारा टाकी कधी धुतली, राग न येता तारीख सांगणारा मालक असेल तर त्याच्याकडेच परत जा.