पुढच्या खोलीतला डोंगर

प्रश्न : सर, आम्ही फैजपूरला नवं घर बांधलंय. पुढच्या खोलीची मोठी भिंत रिकामी आहे. पुण्यात शिकणाऱ्या मुलीने सेझान या फ्रेंच चित्रकाराचं डोंगराचं चित्र मोबाईलवर दाखवलं, ते छापून लावावं असं मनात आहे. सासरे म्हणतात, "डोंगर धड रंगवलेला नाही, नुसते रंगाचे तुकडे आहेत." शिवाय जुन्या घरातलं धबधब्याचं चित्र दोन-तीन वर्षांत निळंनिळं पडलं होतं. पैसे पाण्यात जायला नकोत. काय करावं?
— एक वाचक भगिनी, फैजपूर

उत्तर : ताई, जरूर लावा. आणि सासऱ्यांचं म्हणणं खोडू नका, त्यांनी बरोबर पाहिलंय. तुकडेच आहेत ते. सेझानने (१८३९–१९०६) आपल्या गावाजवळचा सेंत-व्हिक्त्वार हा डोंगर वर्षानुवर्षं रंगवला आणि रंगाचे पट्टे एकमेकांना भिडवून तो उभा केला. पुढच्या आधुनिक चित्रकारांनी यातूनच धडा घेतला.

सासऱ्यांना एकदा सकाळी गच्चीवर न्या. केळीच्या बागेचा गडद हिरवा चौकोन, त्याला लागून नांगरलेलं काळं रान, पलीकडे गव्हाचा पिवळा पट्टा आणि वर उत्तरेला निळसर सातपुडा. इतक्या लांबून ओंबी दिसत नाही, रंगच दिसतो. भुसावळात मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. निसर्गचित्र म्हटलं की मुलं दोन त्रिकोण काढायची, मधून सूर्य, खाली नदी. ती सवय मोडावी म्हणून मी हाच डोंगर फळ्याला टाचायचो. आणि तुमच्या गावाला चित्रकला नवी नाही. १९३६च्या फैजपूर काँग्रेसची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी गावातल्या बांबू-तट्ट्यांतून उभी केली होती.

सेझानची या डोंगराची चित्रं पुष्कळ आहेत. माझी पसंती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या १८८२–८५च्या चित्राला. मधोमध उंच पाइनचं झाड, डावीकडे दूर डोंगर आणि उजवीकडे दरीतून जाणारा कमानींचा रेल्वेपूल. पूल अगदी लहान दिसतो, पण आम्हा भुसावळकरांची नजर आधी तिथेच जाते.

हे संग्रहालय २०१७पासून हक्कमुक्त, म्हणजे कॉपीराइट नसलेल्या चित्रांच्या मोठ्या फाइल्स फुकट उतरवून घेऊ देतं. सेझानला जाऊन शंभरावर वर्षं झाली, त्यामुळे अडचण नाही. आपले चित्रकार एस. एच. रझा यांचं निसर्गचित्र मात्र असं छापू नका. आपल्याकडे हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि रझा २०१६ साली गेले.

मूळ चित्र साधारण ६५ बाय ८२ सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन फुटांच्या आत उंच आणि पावणेतीन फुटांच्या आत रुंद. भिंत मोठी आहे म्हणून सहा फुटी करू नका. पट्टे फुगतात आणि डोंगर विरघळतो. फाइल किती पिक्सेल रुंद आहे ते पाहून त्याला २०० ने भागा, तेवढे इंच रुंद प्रिंट निर्धास्त काढा. २४ इंचांना ४,८०० पिक्सेल लागतात. कमी असतील तर लहान प्रिंट काढा आणि भोवती रुंद माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, सोडा.

आता धबधब्याचं. स्वस्त शाईतले पिवळा आणि किरमिजी रंग उन्हाने आधी उडतात, निळा टिकतो, म्हणून चित्र निळं पडतं. दुकानात "पिगमेंट शाई आणि कापसाचा, ३०० जीएसएमच्या आसपासचा कागद" असं स्पष्ट सांगा. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ती उन्हात जास्त टिकते; जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन, ३०० म्हणजे चांगला जाड. चकचकीत फोटो पेपर नको. तरीही पश्चिमेच्या दारातून थेट ऊन येत असेल, तर आपल्या मे महिन्यापुढे कुठलीच शाई फार काळ टिकत नाही. भिंत बदला.

फ्रेमच्या बाबतीत मी स्वतः पोळलोय. एका निसर्गचित्रावर काच टेकवूनच बसवून घेतली होती. ऑगस्टच्या दमटपणात कागद काचेला चिकटला आणि सोडवताना ढगांचा टवका काचेबरोबर निघून आला. सुरीच्या टोकाने तो सोडवायला बसलो, तर तळहाताएवढं आभाळ गेलं. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. म्हणून काच आणि कागद यांच्यात माउंटची जाडी हवीच. माउंट आम्लरहित मागा, आणि मागे सेलोटेप लावू देऊ नका. काही वर्षांत तो पिवळा पडून कागदात उतरतो.

पूर्ण प्रिंट काढण्याआधी हातभर पट्टी छापून घ्या. ती त्याच भिंतीवर दुपारी चारला आणि रात्री दिव्याखाली पाहा. मोबाईलच्या पडद्यावरचा हिरवा कागदावर बऱ्याचदा मळकट उतरतो. तसं झालं तर दुकानदाराला थोडा उजळ करायला सांगा.

आणि घर नवं आहे, प्लास्टर अजून ओल सोडत असेल. पहिला पावसाळा जाऊ द्या, फ्रेम दसऱ्याला चढवा.